एचपीव्ही संसर्ग आणि गुदद्वाराचा कर्करोग : कारण ठाऊक, प्रतिबंध शक्य, अडसर संकोचाचा

गुदद्वाराचा कर्करोग हा तुलनेने विरळ आजार आहे. मात्र ज्या मोजक्या कर्करोगांचे कारण वैद्यकशास्त्राला निश्चितपणे ठाऊक आहे, त्यांत त्याचा समावेश होतो. जगभरात या आजाराचे दरवर्षी सुमारे ५० हजार नवे रुग्ण आढळतात. त्यांपैकी दहामागे जवळजवळ नऊ जणांच्या आजाराचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अर्थात एचपीव्ही, या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गात असते. स्त्रियांमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणूही हाच.

गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि एचपीव्ही यांचा संबंध गेल्या दोन दशकांत सर्वसामान्यांपर्यंत बऱ्यापैकी पोहोचला. त्याच विषाणूमुळे गुदद्वारालाही कर्करोग होतो, तो स्त्री-पुरुष दोघांनाही होतो आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो, ही माहिती मात्र तितकीशी पोहोचलेली नाही. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा अनेक वर्षांचा असतो. या अवधीत हस्तक्षेप करण्याची साधने उपलब्ध आहेत. तरीही अनेक रुग्ण उशिरा डॉक्टरांकडे पोहोचतात. अवघड जागेच्या दुखण्याविषयी वाटणारा संकोच आणि 'मूळव्याधच असणार' हा समज ही त्यामागची दोन प्रमुख कारणे आहेत.

नेमका कोणता कर्करोग

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय आणि त्यापुढील सुमारे तीन ते चार सेंटिमीटर लांबीचा अरुंद मार्ग म्हणजे गुदमार्ग. गुदाशयाच्या आतील अस्तर ग्रंथीयुक्त, उभट पेशींचे असते, तर गुदद्वाराजवळचे अस्तर त्वचेसारख्या चपट्या पेशींचे. या दोन प्रकारच्या पेशी जिथे एकमेकींना भेटतात, त्या पट्ट्याला संक्रमण क्षेत्र म्हणतात. तिथे पेशींची सतत उलथापालथ सुरू असते आणि एचपीव्हीला शिरकाव करण्यास ही जागा सोयीची ठरते. गर्भाशयाच्या मुखाशीही असेच संक्रमण क्षेत्र असते. शरीराच्या दोन वेगळ्या अवयवांत एकाच विषाणूने एकाच प्रकारचा कर्करोग का व्हावा, याचे उत्तर बऱ्याच अंशी या साम्यात आहे.

गुदद्वाराचा कर्करोग बहुतांशी या चपट्या पेशींचा, म्हणजे स्क्वॅमस पेशींचा असतो. अवघ्या काही सेंटिमीटर वर असलेल्या गुदाशयाचा कर्करोग सहसा ग्रंथीपेशींचा असतो आणि त्याचा एचपीव्हीशी संबंध नसतो. दोन्ही आजारांची नावे सारखी वाटत असली, तरी कारणे आणि उपचार वेगळे आहेत. त्यामुळे ऊतीच्या तपासणीशिवाय निदान पूर्ण होत नाही.

विषाणूची ओळख

एचपीव्ही हा एक विषाणू नसून दोनशेहून अधिक प्रकारांचे कुटुंब आहे. त्यांपैकी सुमारे ४० प्रकार जननेंद्रिये आणि गुदद्वाराच्या परिसरात संसर्ग करतात. क्रमांक ६ आणि ११ या प्रकारांमुळे चामखिळी उद्भवतात. त्या त्रासदायक असल्या तरी त्यांचे सहसा कर्करोगात रूपांतर होत नाही. १६, १८, ३१, ३३, ४५, ५२, ५८ आदी प्रकार मात्र अतिजोखमीचे मानले जातात. गुदद्वाराच्या कर्करोगात क्रमांक १६ चा वाटा इतर सर्व प्रकारांहून कितीतरी मोठा आहे.

हा संसर्ग अत्यंत सामान्य आहे. लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो आणि त्यांपैकी बहुसंख्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. सुमारे ९० टक्के संसर्ग शरीराची प्रतिकारशक्ती एक ते दोन वर्षांत स्वतःहून आटोक्यात आणते. उरलेल्या थोड्या व्यक्तींमध्ये अतिजोखमीचा प्रकार पेशींत तळ ठोकून राहतो आणि धोका तिथून सुरू होतो.

विषाणूचा प्रसार त्वचेचा त्वचेशी किंवा श्लेष्मल आवरणाशी निकट संपर्क आल्याने होतो. गुदमैथुन हा प्रसाराचा एक प्रमुख मार्ग आहे. पण एकमेव नाही. जननेंद्रियांवरील संसर्ग परिसरातील त्वचेवरून किंवा हाताच्या स्पर्शातून गुदद्वारापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे या कर्करोगाचे निदान झाले म्हणून रुग्णाच्या लैंगिक आयुष्याविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे. निरोधामुळे संसर्गाची शक्यता घटते; मात्र निरोधाने न झाकलेल्या त्वचेवरूनही विषाणू पसरू शकत असल्याने हे संरक्षण पूर्ण नसते.

पेशी कर्करोगाकडे कशा वळतात

निरोगी पेशीत अनियंत्रित वाढ रोखणारी यंत्रणा असते. पी-५३ आणि आरबी ही दोन प्रथिने या यंत्रणेतील महत्त्वाचे पहारेकरी होत. पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड झाला, तर पी-५३ तिचे विभाजन थांबवते किंवा ती पेशी नष्ट व्हावी अशी व्यवस्था करते. अतिजोखमीचे एचपीव्ही प्रकार ई-६ आणि ई-७ नावाची दोन प्रथिने तयार करतात. ई-६ हे पी-५३ ला नष्ट करवते, तर ई-७ हे आरबीला निष्प्रभ करते. पहारा उठल्यानंतर सदोष पेशी विभागत राहतात आणि त्यांच्यातील बिघाड साचत जातात.

हे एका रात्रीत घडत नाही. प्रथम पेशींच्या रचनेत सौम्य बदल दिसतात. ते बहुधा आपोआप मावळतात. काहींमध्ये तीव्र स्वरूपाचे बदल होतात. ही कर्करोगाची पूर्वावस्था मानली जाते. पूर्वावस्था असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही. होण्यास लागणारा काळही बहुधा वर्षांत मोजावा लागतो. प्रतिबंधाची खरी संधी या कालावधीत असते.

संबंध कसा सिद्ध झाला

विसाव्या शतकात बराच काळ गुदद्वाराच्या कर्करोगाचे खापर मूळव्याध, भगंदर, चिरा यांसारख्या जुनाट दुखण्यांवर फोडले जात होते. सततच्या चुरचुरीमुळे आणि दाहामुळे पेशी बिघडतात, असा तर्क त्यामागे होता.

विषाणूकडे लक्ष वेधले गेले ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील संशोधनामुळे. जर्मन विषाणूशास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९७० च्या दशकात, प्रचलित मताच्या विरोधात जाऊन, या कर्करोगामागे एचपीव्ही असावा अशी मांडणी केली. त्यांच्या गटाने १९८३ मध्ये क्रमांक १६ आणि १९८४ मध्ये क्रमांक १८ हे प्रकार कर्करोगाच्या ऊतीत शोधून काढले. या कार्यासाठी त्यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गुदद्वाराच्या कर्करोगाबाबतचा एक भक्कम पुरावा १९९७ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधील संशोधनातून पुढे आला. मॉर्टन फ्रिश आणि सहकाऱ्यांनी या कर्करोगाच्या ४१७ रुग्णांची माहिती तपासली. त्यांत ३२४ स्त्रिया आणि ९३ पुरुष होते. तपासलेल्या गाठींच्या नमुन्यांपैकी ८४ टक्क्यांमध्ये अतिजोखमीचा एचपीव्ही सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या गुदाशयाच्या ग्रंथीपेशींच्या कर्करोगाच्या एकाही नमुन्यात तो आढळला नाही. काही सेंटिमीटरच्या अंतरावरील दोन कर्करोगांमधील हा फरक बोलका होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही पुढे एचपीव्ही १६ मुळे गुदद्वाराचा कर्करोग होतो याला पुरेसा पुरावा असल्याचा निर्वाळा दिला.

धोका कोणाला अधिक

सर्वसाधारण लोकसंख्येत या कर्करोगाचे प्रमाण दरवर्षी एक लाख व्यक्तींमागे एक ते दोन इतकेच आहे. मात्र काही गटांत ते कित्येक पटींनी वाढते. विविध देशांतील अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांत हे प्रमाण एक लाखामागे सुमारे ८५ आहे. इतर एचआयव्हीबाधित पुरुषांत ते सुमारे ३२, तर एचआयव्हीबाधित स्त्रियांत सुमारे २२ आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या, परंतु एचआयव्हीची बाधा नसलेल्या पुरुषांत ते सुमारे १९ आढळले. योनीच्या बाह्यभागाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ४८, तर अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत सुमारे १३ आहे.

या आकड्यांमागील समान सूत्र प्रतिकारशक्तीचे आहे. एचआयव्हीमुळे किंवा प्रत्यारोपित अवयव टिकावा म्हणून घ्याव्या लागणाऱ्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती मंदावते आणि एरवी नाहीसा झाला असता असा एचपीव्ही संसर्ग टिकून राहतो. धूम्रपानानेही धोका वाढतो. गर्भाशयमुख किंवा योनिमार्गात एचपीव्हीजन्य पूर्वावस्था अथवा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनीही सावध राहणे आवश्यक आहे.

धोका विशिष्ट गटांत अधिक असला, तरी हा त्या गटांपुरता मर्यादित आजार नाही. अमेरिकेत या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या जास्त असते आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना एचआयव्हीची बाधा नसते.

लक्षणे आणि मूळव्याधीचा समज

गुदद्वारातून रक्त जाणे हे या कर्करोगाचे सर्वांत सामान्य लक्षण आहे. त्याखेरीज गुदद्वाराशी दुखणे, खाज, गाठ किंवा काहीतरी अडकल्याची भावना, चिकट स्राव, शौचाच्या सवयीत किंवा आकारात बदल, न भरणारी जखम आणि जांघेत गाठ येणे ही लक्षणे आढळतात. काही रुग्णांत सुरुवातीला एकही लक्षण नसते.

यांतील बहुतेक लक्षणे मूळव्याधीतही दिसतात. मूळव्याध कितीतरी पटींनी अधिक आढळत असल्याने रक्त पडणाऱ्या बहुतांश व्यक्तींना कर्करोग नसतो, हे खरे. मूळव्याधीचे कर्करोगात रूपांतर होत नाही, हेही खरे. मात्र मूळव्याध आहे असे गृहीत धरून तपासणीच न करणे धोक्याचे ठरते. भारतात या दुखण्यावर परस्पर औषधे घेण्याची, जाहिराती पाहून 'हमखास इलाज' करणाऱ्यांकडे जाण्याची आणि घरातही त्याची वाच्यता न करण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. अशा वेळी काही महिने, प्रसंगी वर्षे निघून जातात. रक्तस्राव, वेदना किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत बरी न झाल्यास डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. केवळ लक्षणे सांगून औषध लिहून घेणे पुरेसे नाही.

पहिली तपासणी साधी असते. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने गुदमार्ग तपासतात आणि गरज भासल्यास लहान नळीसारख्या उपकरणाने आतील भाग पाहतात. संशयास्पद भाग आढळल्यास त्याचा तुकडा घेऊन बायोप्सी केली जाते. कर्करोगाचे निदान झाल्यानंतर तो कुठवर पसरला आहे हे एमआरआय, सीटी किंवा पेट स्कॅनद्वारे ठरवतात. याच वेळी एचआयव्हीची चाचणी आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयमुखाची तपासणीही केली जाते.

पूर्वावस्थेतच रोखणे शक्य

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पूर्वावस्था शोधून ती काढून टाकल्यास कर्करोग टळतो, हे अनेक दशकांपासून ठाऊक आहे. गुदद्वाराबाबतही तसेच घडते का, याचे ठोस उत्तर मात्र २०२२ पर्यंत मिळालेले नव्हते.

ते उत्तर अमेरिकेतील 'अँकर' नावाच्या अभ्यासाने दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेतील डॉ. जोएल पालेफ्स्की यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या अभ्यासात ३५ वर्षांवरील चार हजारांहून अधिक एचआयव्हीबाधित व्यक्ती सहभागी झाल्या. सर्वांमध्ये तीव्र स्वरूपाची पूर्वावस्था आढळली होती. चिठ्ठीपद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील व्यक्तींवर पूर्वावस्थेचे उपचार झाले. त्यात मुख्यत्वे विजेच्या साह्याने सदोष भाग जाळण्याची पद्धत वापरण्यात आली. दुसऱ्या गटावर केवळ बारकाईने लक्ष ठेवण्यात आले. सरासरी दोन वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटात ९, तर दुसऱ्या गटात २१ जणांना कर्करोग झाला. उपचारांमुळे कर्करोगाची शक्यता ५७ टक्क्यांनी घटल्याचे स्पष्ट होताच ऑक्टोबर २०२१ मध्ये अभ्यासाची विभागणी थांबवून सर्वांना उपचार देऊ करण्यात आले. निष्कर्ष जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर २०२४ मध्ये या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तपासणीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पुरुषांशी संबंध ठेवणारे एचआयव्हीबाधित पुरुष आणि एचआयव्हीबाधित ट्रान्सजेंडर स्त्रिया यांची तपासणी वयाच्या ३५ व्या वर्षापासून सुरू करावी, असे त्यांत सुचवले आहे. इतर एचआयव्हीबाधितांसाठी, तसेच पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या बाधा नसलेल्या पुरुषांसाठी ही मर्यादा ४५ वर्षे आहे. योनीच्या बाह्यभागाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळलेल्या स्त्रियांची तपासणी निदानापासून वर्षभरात, तर अवयव प्रत्यारोपण झालेल्यांची प्रत्यारोपणानंतर दहा वर्षांनी सुरू करावी, अशी शिफारस आहे.

तपासणीत गुदमार्गातील पेशींचा नमुना घेतला जातो किंवा एचपीव्हीची चाचणी केली जाते. दोष आढळल्यास भिंगाच्या साह्याने केली जाणारी सूक्ष्म तपासणी करतात. त्या वेळी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावल्यावर सदोष भाग पांढुरका दिसू लागतो. ही तपासणी करण्यासाठी विशेष प्रशिक्षण लागते. प्रशिक्षित डॉक्टर मोजके असल्याने ती अद्याप सर्वत्र उपलब्ध नाही. जिथे ती नाही, तिथे जोखमीच्या गटातील व्यक्तींची बोटाने नियमित तपासणी करणे हा कमी खर्चाचा आणि कोणत्याही दवाखान्यात करता येण्याजोगा पर्याय आहे.

सर्वसाधारण जोखीम असलेल्यांसाठी अशा सरसकट तपासणीची शिफारस केली जात नाही.

उपचारांची दिशा बदलली

१९७० च्या दशकापर्यंत या कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपाय होता. तीत गुदाशय आणि गुदद्वार काढून टाकले जात असे आणि रुग्णाला पोटावर केलेल्या छिद्रातून शौचाची कायमस्वरूपी व्यवस्था स्वीकारावी लागे. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील शल्यचिकित्सक नॉर्मन निग्रो यांनी शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान व्हावी म्हणून रेडिओथेरपी आणि केमोथेरपी एकत्र देण्यास सुरुवात केली. त्यांनी १९७४ मध्ये पहिल्या तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या उपचारांनी गाठ पूर्णपणे नाहीशी होत असल्याचे दिसून आले. पुढे ही पद्धत निग्रो यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि बहुसंख्य रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया टळली.

आजही उपचारांचा पाया तोच आहे. फाइव्ह-फ्लुरोयुरासिल किंवा कॅपेसिटाबिन आणि मायटोमायसिन या औषधांसोबत पाच ते सहा आठवडे रेडिओथेरपी दिली जाते. उपचार संपल्यावरही गाठ हळूहळू विरघळत राहते. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की ११ आठवड्यांनंतर गाठ शिल्लक असलेल्या अनेक रुग्णांत ती २६ आठवड्यांपर्यंत नाहीशी झाली. म्हणून घाईने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जात नाही. गाठ उरल्यास किंवा पुन्हा उद्भवल्यास मात्र शस्त्रक्रिया करावी लागते.

उपचारांचे दुष्परिणाम असतात. त्वचा भाजल्यासारखी होणे, जुलाब, थकवा आणि रक्तपेशी घटणे ही त्यांतील सामान्य होत. ओटीपोटावरील किरणांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. स्त्रियांत रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. अपत्याची इच्छा असलेल्या रुग्णांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच याविषयी डॉक्टरांशी बोलणे गरजेचे आहे.

आजार किती लवकर सापडतो, यावर परिणाम मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. अमेरिकेतील नोंदींनुसार, कर्करोग मूळ जागेपुरता मर्यादित असताना उपचार झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशापर्यंत घसरते.

लस : कर्करोगाआधीचे संरक्षण

एचपीव्ही लशीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनापासून तयार केलेले पोकळ कण तीत असतात. त्यांत विषाणूचा डीएनए नसल्याने लशीमुळे संसर्ग होऊ शकत नाही. शरीर मात्र त्या कणांना विषाणू समजून प्रतिपिंडे तयार करते.

ही लस सुरुवातीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आली. गुदद्वाराबाबतची तिची परिणामकारकता पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या १६ ते २६ वयोगटातील ६०२ पुरुषांच्या चाचणीत तपासण्यात आली. ज्यांना आधी संबंधित प्रकारांचा संसर्ग नव्हता आणि ज्यांनी सर्व मात्रा घेतल्या, त्यांच्यात लशीतील प्रकारांमुळे होणारे पेशीबदल ७७.५ टक्क्यांनी घटले. आधी संसर्ग झालेल्यांसह सर्वांचा विचार केल्यास हे प्रमाण ५०.३ टक्के होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१० मध्ये गुदद्वाराच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी लशीला मान्यता दिली.

दोन आकड्यांमधील हा फरक एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. लस नवा संसर्ग रोखते. झालेला संसर्ग बरा करत नाही. म्हणूनच ती लैंगिक आयुष्य सुरू होण्यापूर्वी, ९ ते १४ या वयात देणे सर्वाधिक उपयुक्त ठरते. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये आणि ब्रिटनने २०१९ मध्ये मुलींबरोबरच मुलग्यांनाही शालेय लसीकरणात सामावून घेतले, त्यामागे हाच विचार आहे.

भारतातील चित्र

भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. त्यामुळे एचपीव्हीविषयीची सार्वजनिक चर्चा त्याभोवती केंद्रित असणे स्वाभाविक आहे. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी केली जाते. गुदद्वाराचा कर्करोग विरळ असल्याने त्यात नाही.

देशातील अधिक जोखमीचा गट मात्र लहान नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळणाऱ्या एआरटी औषधांमुळे या व्यक्तींचे आयुर्मान वाढले. आयुष्य लांबल्यावर सावकाश वाढणारे कर्करोग डोके वर काढतात, हा अनुभव अन्य देशांनी घेतला आहे. औषधे लवकर सुरू करून नियमित घेणे हा धोका कमी करण्याचा एक मार्ग आहे. एआरटी केंद्रातील नियमित भेटीत गुदद्वाराच्या लक्षणांची विचारपूस आणि गरजेनुसार साधी तपासणी करणे, हे त्यापुढचे पाऊल ठरू शकते.

लशीचा भारतातील प्रवास सरळ झालेला नाही. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे सुरू झालेले प्रायोगिक लसीकरण २०१० मध्ये थांबवण्यात आले. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही. मात्र संमती घेण्याच्या पद्धतीतील गंभीर त्रुटी समोर आल्या. त्याच वेळी मुंबई, पुणे, बार्शी, दिल्ली, गंगटोक, ऐझॉल आदी ठिकाणी सुरू असलेल्या स्वतंत्र संशोधनातही लस देणे थांबले आणि अनेक मुलींना नियोजित मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली. या मुलींचा पाठपुरावा मात्र सुरू राहिला. एका मात्रेनेही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून दहा वर्षांपर्यंत ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाल्याचे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्याला आधार ठरलेल्या पुराव्यांत या भारतीय संशोधनाचाही वाटा आहे. हे निष्कर्ष गर्भाशयमुखाच्या संसर्गाविषयीचे आहेत. एचआयव्हीबाधित आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना किमान दोन आणि शक्यतो तीन मात्रा द्याव्यात, असे संघटनेचे म्हणणे आहे.

सिक्कीमने २०१८ मध्ये राज्यभरातील मुलींसाठी लसीकरण राबवले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या 'सर्वाव्हॅक' या पहिल्या भारतीय एचपीव्ही लशीला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सादर झाली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून संरक्षण देणारी ही लस ९ ते २६ वयोगटातील मुली आणि मुलगे या दोघांसाठी आहे. १४ वर्षांपर्यंत दोन आणि त्यापुढे तीन मात्रा घ्याव्या लागतात. मुलग्यांसाठी लस उपलब्ध असली, तरी ती 'मुलींची लस' म्हणूनच ओळखली जाते. गुदद्वाराच्या कर्करोगात सर्वांत मोठा वाटा असलेला क्रमांक १६ हा प्रकार तिच्या कक्षेत येतो, ही बाब त्यामुळे दुर्लक्षित राहते.

मौनाची किंमत

हॉलिवूड अभिनेत्री फॅरा फॉसेट यांना २००६ मध्ये गुदद्वाराच्या कर्करोगाचे निदान झाले. आजाराचे नाव न लपवता त्यांनी उपचारांचे चित्रण करू दिले आणि त्यावरील माहितीपट मे २००९ मध्ये अमेरिकेत प्रसारित झाला. पुढच्याच महिन्यात, २५ जून रोजी, त्यांचे निधन झाले. दशकभरानंतर, २०१९ मध्ये, अभिनेत्री मार्शिया क्रॉस यांनी आपल्या अशाच आजाराविषयी उघडपणे सांगितले. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी बोटाने केलेल्या परीक्षणातून त्यांचा कर्करोग लक्षात आला होता आणि उपचारांनंतर त्या बऱ्या झाल्या. त्यांच्या पतींना आधी घशाचा कर्करोग झाला होता. दोन्ही आजारांमागे एचपीव्हीचा एकच प्रकार असावा, असे डॉक्टरांचे मत होते. या आजाराची लाज बाळगण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी आपण बोलत असल्याचे त्यांनी स्पष्ट केले.

भारतात हा संकोच अधिक गडद आहे. शरीराच्या या भागाविषयी बोलणे असभ्य मानले जाते, लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गाचा उल्लेख आला की चारित्र्याचा प्रश्न उपस्थित होतो आणि समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तींना दवाखान्यात अवहेलनेची भीती वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्याच महिन्यात लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्याने बाधित व्यक्तींशी उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आणि त्यांच्या माहितीच्या गोपनीयतेला संरक्षण दिले. कायद्याने दिलेला हा आधार तपासणीच्या खोलीपर्यंत पोहोचला, तरच रुग्ण आपले लक्षण मोकळेपणाने सांगू शकेल.

लक्षात ठेवण्याजोग्या बाबी मोजक्या आहेत. गुदद्वारातून रक्त जाणे किंवा तिथे गाठ जाणवणे याची प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेल्या आणि अन्य अधिक जोखमीच्या व्यक्तींनी लक्षणे नसतानाही आपल्या डॉक्टरांशी तपासणीविषयी बोलावे. पालकांनी ९ ते १४ या वयातील मुलीच्या तसेच मुलग्याच्या लसीकरणाविषयी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तंबाखूचे धूम्रपान सोडावे. या कर्करोगाच्या बाबतीत बहुतेकदा वेळ हाताशी असतो. तो संकोचापायी दवडला जाऊ नये, एवढी दक्षता रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनीही घेणे आवश्यक आहे.